महिन्याचं रनिंग

संपतचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चौतीस वर्षं. पिंपळवंडीहून सायकलीवर नारायणगावचा टोमॅटो बाजार गाठायचा आणि क्रेट उचलायचे. खांद्यावर घेण्याआधी क्रेटचा एक कोपरा तो हाताने जरा उचलून बघे. वजन कळलं, मगच उचल. त्यामुळे त्याची पाठ शाबूत राहिली. हमाली सुटली तरी जाग चारलाच येई, आणि गेला महिनाभर जाग आली की एकच प्रश्न छातीवर बसे: गाडी डिझेलची घ्यायची का पेट्रोलची?

गाडी हवीच होती. त्याच्या बायकोचे, सरूबाईचे गुडघे गेले होते, एसटीची पायरी तिला चढवत नव्हती. पैसे हमालीतून साठवलेले. चालवणार भरत, त्यांचा चाकणच्या कंपनीत कामाला असलेला मुलगा.

"पेट्रोल घ्या, आण्णा. आपण पळवणार कितीशी?" भरत म्हणाला.

"डिझेलच घे," शेजारचा ट्रॅक्टरवाला सुनील म्हणाला. "ओढ लई. आधी जास्त पडंल, पर तेलात फिटतं."

दोघांचंही पटायचं, म्हणून पंचाईत. शेवटी तो आळेफाट्याला गाड्या दुरुस्त करणाऱ्या दादाभाऊ मेस्त्रीकडे गेला.

"कोण काय म्हणतं ते सोड," दादाभाऊ म्हणाला. "महिन्याला किती पळणार ते सांग. नवी डिझेल गाडी थोडी थोडी चालवली तर तिची धुराची जाळी तुंबती. लई पळणार आसंल तरच घे."

हे संपतला कळलं. घरी येऊन त्याने भिंतीवर कोळशाने रेघा मारायला घेतल्या. आज गाडी असती तर जिथं गेलो असतो, त्याची एक रेघ. महिन्यात अकरा झाल्या. बाजार, दवाखाना, दोन लग्नं, एक दहावा.

सरूबाई रेघांपुढे उभी राहिली. "ह्यात माझी कुठली?"

"दवाखान्याची."

"ती गुडघ्यांची. माझी कुठाय?"

संपतने रेघा पुन्हा मोजल्या.

"बया मढला अंथरुणावर पडलीय. गाडी आली की जाऊ म्हणताय, आन् बसलाय रेघा वढत."

बयाबाई तिची थोरली बहीण, मढ गावात दिलेली. भरतला सुट्टी गुरुवारची. दर गुरुवारी मढ, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. संपतने चार रेघा वाढवल्या आणि दादाभाऊला फोन लावला. स्वतःला ऐकू कमी येई, म्हणून स्पीकरवर.

"मग डिझेलचा इचार कर," दादाभाऊ म्हणाला. "पर एवढं रनिंग टिकणार किती? पाचेक वर्षं धरू?"

समोर तांदूळ निवडणाऱ्या सरूबाईचा हात थांबला.

डॉक्टरांनी बयाबाईला पाच महिनेही दिले नव्हते. पेट्रोल म्हणावं, तर तिचं मरण धरून हिशोब केल्यासारखं. डिझेल म्हणावं, तर स्वतःलाच फसवल्यासारखं. संपतने फोन या हातातून त्या हातात घेतला. कोपरा उचलून बघायचीच लाज वाटावी, असं ओझं त्याला बाजारात कधी भेटलं नव्हतं.

"लवकर कोणती मिळंल?" त्याने विचारलं.

"डिझेलला दीड महिना थांबावं लागंल. पेट्रोलची उभी हाय शोरूमला. पर रनिंगचं काय?"

"पुढच्या गुरवारी पायजे."

"आरं पर रनिंग..."

"गुरवारी पायजे म्हणलं ना."

सरूबाईने सूप पुढं ओढलं. "एवढंच करायचं, तर दोन महिनं कशाला घालवलं?"



गुरुवारी भरतने पेट्रोलची गाडी काढली. मढच्या अलीकडच्या चढाला इंजिन कण्हलं, तेव्हा डिझेल बरी पडली असती काय, असं संपतच्या मनात आलंच. ते आजही येतं. बयाबाईने बहिणीचा धरलेला हात दुपार कलली तरी सोडला नाही. संपत ओट्यावर बसून राहिला. त्याला कुणी काही उचलायला सांगितलं नाही.

बयाबाई गेली, तोवर असे नऊ गुरुवार झाले. चौतीस वर्षांच्या हमालीतून सरूबाईच्या वाट्याला ते नऊ गुरुवार आले.