कुडापलीकडची ज्वारी

माझ्या सासूला, म्हणजे आत्याबाईंना, गाव पाठीमागं शेणामाय म्हणायचं. भाच्याच्या लग्नाच्या वरातीत, नवं लुगडं नेसलेल्या असताना, त्यांनी रस्त्यातलं शेण दोन्ही हातांनी उचलून आडोशाला ठेवलं आणि परतताना आठवणीनं घरी आणलं. मी नवी सून. लाजेनं माझी मान वर होईना. त्या हात झटकत म्हणाल्या, "लाजती काय? जनावराचं तोंड रानात, अन् रानाचं तोंड उकिरड्यात. दोघांची तोंडं भरली तर आपलं भरंल."

सोसायटीनं पांढरं खत आणलं तेव्हा मोठ्या मुलानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हौसेनं एक पोतं घरी आणलं. आत्याबाईंनी चिमूटभर हातावर घेऊन पाहिलं. "चांगलं असंल बाबा. पर ह्याला हाक मारली तर ते वळून बघतंय व्हय?" पोतं पुढं कितीतरी दिवस गोठ्यात पडून होतं आणि कपिला गाय त्याला अंग घासायची.

बहात्तरच्या दुष्काळात ही सगळी थट्टा आटली. विहिरीच्या तळाशी चिखलही उरला नाही. शेजाऱ्यांची जनावरं एकेक करून भूमच्या बाजाराला गेली, ती परत आली नाहीत. नवरा म्हणाला, "आई, कपिलाला अन् तिच्या कालवडीला सोडून देऊ. माणसं जगली म्हंजे झालं." आत्याबाई म्हणाल्या, "गाय गेली तर पाऊस पडल्यावर रानाला काय घालशील? माझी हाडं?" आम्ही सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. तिथं खायला मिळणाऱ्या सुकडीतला अर्धा वाटा त्या पदराला बांधून आणायच्या आणि कालवडीला चारायच्या. त्यांच्या गळ्याची हाडं मोजता येतील इतकी वर आली होती. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं.

कडबा संपला तशी त्यांनी गोठ्यावरची पाचट उतरवली. तीही संपली. मग गोठा आणि रान यांच्यामधला सरमाडाचा, ज्वारीच्या वाळक्या ताटांचा, कूड त्या रोज थोडा थोडा उपसून कपिलापुढं टाकू लागल्या. धुरकटलेलं, वाळवीनं पोखरलेलं ते सरमाड गाय डोळे मिटून चघळायची. शेवटी कूड उरलाच नाही.

अशात एक अवकाळी सर येऊन गेली. रानातल्या करपलेल्या ज्वारीला हिरवे फुटवे आले. आत्याबाई वस्तीभर सांगत फिरल्या, "जनावरं बांधून ठेवा रं! कोवळी ज्वारी इखावानी बाधती." कपिलाचं दावं त्यांनी स्वतः दोनदा आवळलं आणि आम्ही कामाला गेलो.

परत आलो तेव्हा खुंटा उपटलेला होता. कपिला रानात आडवी पडली होती, पोट फुगलेलं, तोंडाला फेस. तिला अडवायला मधे कूडच नव्हता. आत्याबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. "म्याच वाट करून दिली गं तुला," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून टाकायची रीत. त्या ऐकेनात. "ती रानातच ऱ्हाईल." दगडासारखी जमीन आम्ही खडीच्या कामावरच्या पहारीनं खणली. त्या दिवसापासून रानाच्या तोंडाची गोष्ट त्यांच्या तोंडून कधी निघाली नाही.

पुढच्या साली पाऊस झाला. रानभर ज्वारी बेताचीच होती. कपिलाला पुरलं तिथली मात्र काळीभोर, माणसाला झाकेल एवढी आली. आत्याबाईंनी तिच्या पेंढ्या वेगळ्या बांधल्या. कडबा खडखडीत वाळल्यावर पहिली पेंढी त्यांनी कालवडीपुढं सोडली आणि पाठ फिरवून उंबऱ्यावर बसल्या.

बराच वेळ गेला. मागं न बघताच त्यांनी विचारलं, "खाती का गं?"

"खातीय, आत्याबाई."

त्यांनी पदर तोंडात कोंबला.