बिनआवाजाचं मेकॅनिक्स

अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात कुजबुजता न येणारा एकच माणूस असेल, तर तो म्हणजे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला माझ्या बाकावर बसणारी मुलगी. ती रोज इचलकरंजीहून एसटीनं यायची आणि ती आल्याचं आम्हाला ती जिन्यात असतानाच कळायचं. तिच्या घराखालीच यंत्रमाग होते. जन्मापासून त्या खडखडाटात वाढल्यामुळे बोलायचं म्हणजे ओरडायचं, एवढंच तिला ठाऊक. एकदा तासाला तिनं मला "पेन हाय का?" असं 'हळूच' विचारलं, तर पुढच्या तीन बाकांवरून पेनं आली. मेकॅनिक्सच्या सरांनी कशाचंही उदाहरण विचारलं, की हिचं उत्तर ठरलेलं: धोटा. मागात धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा तो लाकडी धोटा तिनं जडत्वाला वापरला, संवेगाला वापरला, आणि सरांनी ग्रहांची गती शिकवायला घेतली तेव्हाही हिचा हात वर गेलाच. सरांनी तो पाहिलाच नाही असं दाखवलं.

मला मात्र मेकॅनिक्स काही केल्या कळत नव्हतं. पहिल्या सत्रात माझा तो विषय राहिला होता. पुन्हा राहिला तर कॉलेज बंद आणि आत्याच्या शिवणक्लासला जायचं, असं बाबांनी जाहीर केलं होतं, आणि बाबा उगाच बोलत नाहीत. हे कळल्यावर हिनं मला ओढतच ग्रंथालयात नेलं. "हे बघ, आत्ता ह्या घडीला माग किती भरभर विणतोय, ते डेरिव्हेटिव्ह. सांजपतोर समदं मिळून कापड किती झालं, ते इंटिग्रल. ह्यात रडण्यासारखं काय हाय?" सहा महिने न कळलेली गोष्ट मला त्या क्षणी कळली. दुर्दैवानं ती अख्ख्या ग्रंथालयाला कळली. ग्रंथपालबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा आवाज आला तर दोघींची कार्डं जप्त!"

"मी गप बसतो की," ही म्हणाली, आणि खरंच गप्प बसली. माग चालू असताना कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही, म्हणून तिच्या घरी सगळं बोलणं ओठांनी आणि हातांनी चालायचं. तिनं तसंच शिकवायला सुरुवात केली. तळवे एकमेकांवर घासले की घर्षण, बोट खाली गेलं की वजन. 'आधी ठोकळा एकटा काढ, मग बाण' हे तिनं इतक्या वेळा बिनआवाजाचं बजावलं, की मला जेवतानाही ताटात ठोकळे दिसायचे. ग्रंथालयात नव्यानं आलेल्या मदतनीस बाईंना वाटलं, ह्या दोघींना ऐकूच येत नाही. बिचाऱ्या महिनाभर आम्हाला सगळ्या सूचना चिठ्ठीवर लिहून देत होत्या. मग एके दिवशी दाराबाहेर पाऊल पडताच ही गरजली, "चल, भजी खाऊया!" आणि मागे बाईंच्या हातातलं रजिस्टर खाली पडलं.

परीक्षेत उतारावरच्या ठोकळ्याचं गणित आलं आणि माझं डोकं रिकामं झालं. डोळे मिटले, तर समोर हिचे घासणारे तळवे. मी ठोकळा काढला, बाण काढले आणि लिहीत सुटले.

निकालाच्या दिवशी माझ्या फोनवर निकाल काही उघडेना. ही माझा नंबर घेऊन रेंज शोधत दुसऱ्या मजल्यावर गेली, आणि मी खाली मैदानात जीव मुठीत धरून उभी. नेमका तिथं लेझीमचा सराव चाललेला. ती वरून ओरडत होती, पण हलगीपुढं आयुष्यात प्रथमच तिचा आवाज कमी पडला. मग तिनं ओरडणं थांबवलं आणि नुसते ओठ हलवले.

सुटलीस.

मी तिथंच पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. लेझीमवाली पोरं मला नापास समजून हळहळत होती.

आता मी अकरावीच्या मुलांना हेच मेकॅनिक्स शिकवते. ती इचलकरंजीतच असते. गेल्या वर्षी तिच्या घरच्यांनी माग विकले. परवा फोनवर ती इतकं हळू बोलत होती, की मला वाटलं फोनच बिघडला. "घर लई गप झालंय गं," ती म्हणाली. "आता वरडलं की माझं मलाच कसंतरी वाटतंय." फोनवर तर तिचे ओठही दिसत नव्हते. मला फार वाईट वाटलं.

"ऐकू येत न्हाय मला, मोठ्यानं बोल की!" मीच ओरडले.

मग ती अशी काही गरजली, की मला फोन हातभर लांब धरावा लागला, आणि माझ्या जिवात जीव आला.