पिल्लांवरची मरळ

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्या मरळीचं कालवण त्याने पोटभर खाल्लं, तरी नाही.

आधी सिंधूअक्काबद्दल सांगते — तिच्याशिवाय हे कळायचं नाही. किन्हीराजाजवळच्या आमच्या तलावावर आम्ही आठ-दहा घरं पाळीने मासे धरतो. अक्का माझ्या शेजारची, वयाने मोठी. तिच्यासारखी नजर मी दुसरी पाहिली नाही. लव्हाळ्याचं एक पातं वाऱ्याविरुद्ध हललं, की खाली काय आहे ते ती सांगायची. आणि लपवायची काही नाही. रोज सकाळी मी विचारायचे, आज जाळं कुठे टाकू? ती जागा सांगायची, कारणही सांगायची. मी जागा तेवढी ऐकायचे.

"जागा कायले इचारतं, सुमन? पानी पाह्य ना," ती म्हणायची. बाकीच्या बायका हसायच्या. "अक्का, इले बादलीतला मासाबी तुलेच दाखवा लागते."

ते हसू मला लागायचं. म्हणून मी बघायला शिकले — दोन पावसाळे, कुणाला न सांगता. पुष्कळदा चुकले. मग श्रावणातल्या एका दुपारी दिसलं. दाट लव्हाळ्याच्या आत, पाण्यावर तांबूस पुंजका. मरळीची पिल्लं. पुंजका खाली जायचा, थोड्या वेळाने वर यायचा. म्हणजे आई खालीच होती. कुणी सांगितलं नव्हतं. माझी मी शोधली होती.

इथेच थांबावंसं वाटतं. पण मग हे लिहायचं कशाला?

नियम मला ठाऊक होता. पिल्लांवरची मरळ काढायची नाही. आई गेली की दुसरे मासे पिल्लं खाऊन टाकतात. काढणाऱ्याला तलावावर पुन्हा पाळी नाही. तरी मी गळाला बेडकी लावून टाकला. का? घरात खायला नव्हतं असं नाही. स्वतः शोधलेलं हातात धरून बघायचं होतं — एवढंच. पिल्लांजवळ आलेल्या बेडकीवर ती धावली, आणि मी ओढली.

तिसऱ्या दिवशी उरलीसुरली पिल्लं काठाशी सैरभैर फिरताना दिसली. सगळे जमले. एवढ्या दाट लव्हाळ्यातली मरळ कुणाला दिसणार? अशी नजर तलावावर एकीचीच. माझं नाव कुणाच्या मनातही आलं नाही — कसं येणार?

अक्का म्हणाली, "म्या नाई काढली." मग पाण्याकडे बघत राहिली. "पन ज्यानं काढली, त्याची नजर लय चांगली हाय."

आणि मला — हे लिहायला इतकी वर्षं लागली — मला आनंद झाला. तिची पाळी जात होती, आणि मी ते वाक्य मनात घोळवत उभी होते. 

ती भांडली नाही. आता अनसिंगच्या बाजारात भाजी विकते. मी माशांची टोपली घेऊन तिच्यासमोरून जाते, तेव्हा ती हमखास थांबवते. "यंदा मरळ हाय का वं तलावात?"

आहे म्हणते. कुठे आहे, केवढी आहे, पाणी किती चढलंय — सगळं सांगते. ती हातातली जुडी तशीच धरून मन लावून ऐकते. तिला तलावावरून कुणी उठवलं, तेवढं मात्र मी सांगत नाही.