सोळा कोर आणि पाचोऱ्याचा झटका

प्रोसेसरला जितके जास्त कोर, तितका गेम चांगला चालतो, असं माझ्या धाकट्या भावाचं ठाम मत आहे, आणि त्या मतापायी आमच्या घरात सबंध उन्हाळा कटकट झाली. भाऊ पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी धुळ्याला ज्युनियर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. आईवडील भुसावळला. घरच्यांच्या लेखी आम्ही दोघंही या विषयातले जाणकार, त्यामुळे आईचा मिक्सर बंद पडला तरी फोन आम्हालाच येतो. शिकवणं वेगळं आणि डबा उघडून आत हात घालणं वेगळं, हे सांगून सांगून मी थकले.

गेम खेळायचा होता तो वडिलांना. आम्ही त्यांना नाना म्हणतो. नाना रेल्वेत ड्रायव्हर होते. हल्ली लोको पायलट म्हणतात, पण आमच्या घरात अजून ड्रायव्हरच चालतं.

भुसावळला ड्रायव्हरची शेवटची ट्रिप म्हणजे घरचं लग्नच. इंजिनाला हार घालतात, प्लॅटफॉर्मवर ताशा वाजतो, बायको-पोरं त्याच गाडीने मागच्या डब्यात बसून येतात, पेढे वाटतात. आई दुसऱ्यांच्या अशा कितीतरी ट्रिपांना जाऊन आली होती आणि आपल्या वेळी कुठली साडी नेसायची तेही तिने ठरवून ठेवलं होतं. नानांच्या नशिबी ते आलंच नाही. निवृत्तीला काही वर्षं असताना नेहमीच्या मेडिकल तपासणीला गेले, डॉक्टरांनी डोळे तपासले आणि यापुढे इंजिनावर चढायचं नाही म्हणून सांगितलं. घरात वावरायला, पेपर वाचायला डोळे उत्तम. गाडी चालवायला जे लागतात ते राहिले नाहीत. उरलेली नोकरी त्यांनी ऑफिसातल्या खुर्चीवर काढली आणि खुर्चीवरूनच निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो. घरी येऊन शाल कपाटात टाकली आणि पाणी मागितलं.

त्यानंतर नाना बोलायचेच कमी झाले. आई मूळची धुळ्याकडची, अहिराणी बोलते. फोनवर तिचं एकच गाऱ्हाणं. ‘‘तुना बाप बठ्ठा दिन भिंतकडे देखत बठस.’’ दिवसभर भिंतीकडे बघत बसणाऱ्या माणसाचं करायचं काय, ते मला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही यायचा. बागेत जा, भजनाला जा, कुणाशी भांडा तरी!

मग भावाने तो रेल्वेचा गेम शोधून काढला. पडद्यावर इंजिनाची केबिन दिसते, समोर रूळ, आणि आपण गाडी चालवायची. कुणी हौशी मंडळींनी त्यात मनमाड ते भुसावळ हा आपला मार्गही तयार केलेला. नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, सगळं जागच्या जागी. त्याचा व्हिडिओ मोबाईलवर दाखवला तर नाना आधी म्हणाले, ‘‘हट्, पोरखेळ!’’ पण मोबाईल परत देईनात. बऱ्याच वेळाने विचारलं, ‘‘ही गाडी भुसावळपर्यंत येते का?’’

येते म्हटलं, पण त्यासाठी घरी मोठा कॉम्प्युटर आणावा लागेल. तर म्हणाले, ‘‘मग मला एक गाडी आणायची आहे. एकच. शेवटची म्हणून, माहीत असताना. मनमाडहून नीट भुसावळला आणेन आणि उतरेन. मग तुम्ही ते खोकं विकून टाका.’’

आता एवढं ऐकल्यावर कोण गप्प बसेल? भावाने तर कंबरच कसली. कुठल्याशा ऑफिसातल्या सर्व्हरमधून निघालेला जुना प्रोसेसर त्याने मिळवला, सोळा कोरचा. कोर म्हणजे प्रोसेसरच्या आतला स्वतंत्रपणे काम करणारा भाग. एक कोर असेल तर एका वेळी एक काम, सोळा असतील तर सोळा. ‘‘ताई, ऑफिसं चालायची यावर. नानांची एक गाडी चालणार नाही होय?’’ म्हणाला. मला शंका होती, पण शंका कशाची ते नेमकं सांगता येईना, म्हणून मीही मान डोलावली. त्याच्याभोवती जुळवलेलं कॉम्प्युटरचं खोकं भुसावळला आलं. पडदा मोठा, स्पीकर मोठे, आत लाल-निळे दिवे. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं.

पहिल्या दिवशी मी तिथेच होते. नाना दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले. मनमाड सुटलं. चाळीसगावपर्यंत गाडी झकास आली आणि नानांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झालेला मी पाहिला. पाचोऱ्याच्या यार्डात शिरताना चित्र अडकलं. निमिषभर अडकलं असेल, आणि पुन्हा चालू झालं. दुसरं कुणी असतं तर ‘हँग झालं’ म्हणून पुढे गेलं असतं. नानांनी ब्रेक लावला, गाडी उभी केली आणि हात बाजूला घेतला.

‘‘झटका आहे. लाइन बघून घ्या.’’

इथे हे सांगायला हवं की चालत्या गाडीत ड्रायव्हरला रुळावर झटका जाणवला तर तो तसाच पुढे सटकत नाही. गाडी आवरायची, कितव्या किलोमीटरला लागला ते स्टेशनला कळवायचं, मग माणसं जाऊन रूळ तपासतात. नानांच्या अंगात हे इतकं मुरलेलं की समोर रूळ नाहीत, काच आहे, याने त्यांना फरक पडत नव्हता.

मी म्हटलं, ‘‘नाना, रूळ ठीक आहेत. कॉम्प्युटर अडकला.’’

‘‘कशामुळे ते मला बसल्या जागी कसं कळणार माय? झटका लागला, मी थांबलो. आजची ट्रिप रद्द.’’

‘‘अहो पण गेम आहे हा!’’

‘‘मग खेळ तू,’’ म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मनमाड, पुन्हा पाचोरा, पुन्हा झटका. मी धुळ्याला परतले तरी चुकेना. रोज दुपारी आईचा फोन. ‘‘आज बी गाडी पाचोराले उभी शे.’’ पहिल्यांदा हसायला आलं, नंतर मात्र हसू येईना. कारण आता नाना भिंतीकडे बघत नव्हते हे खरं, पण रोज अर्ध्या वाटेत उतरून यायचे आणि पानावर बसून भाकरी चिवडायचे. आधी एकदाच हुकली होती ती शेवटची गाडी. आम्ही ती रोज हुकवायची सोय करून दिली होती.

भावाचं निदान झालं उष्णतेचं. प्रोसेसर तापला की आपला वेग आपणच कमी करतो, हे त्याचं म्हणणं बरोबर. आणि भुसावळच्या मे महिन्यात माणसाची कवटी तापते, तिथे प्रोसेसरची काय कथा. त्याने फोनवर नानांना सांगितलं की यंत्र गार राहिलं पाहिजे. झालं! नानांनी खोक्याची एक बाजू उघडली आणि घरातला एकुलता एक मोठा कूलर, वाळ्याच्या ताट्यांचा, पाण्याचा, ओढून त्याच्या तोंडासमोर लावला. आई स्वयंपाकघरात घामाने निथळतेय आणि सोळा कोरवर वाळ्याचं गार वारं. ‘‘त्याले जेवाले बी वाढू का?’’ असं तिने विचारल्याचं मला कळलं. आठवडा गेला नसेल, ओल्या वाऱ्याने आतल्या पंख्यावर पाण्याच्या क्षाराचं पांढरं पूट चढलं आणि तो घरघरू लागला. गाडी तरीही पाचोऱ्यालाच उभी.

सुट्टी लागल्यावर मी भुसावळला आले आणि पहिल्यांदा कूलर आईच्या बाजूला फिरवला. पंखा पुसला. मग नानांना म्हटलं तुम्ही चालवा, आणि शेजारी खोक्याला जोडलेला लॅपटॉप घेऊन प्रत्येक कोर किती काम करतोय त्याचा आलेख बघत बसले. सोळा चौकोन दिसतात, ज्याचं काम जास्त त्याची रेघ वर. पाचोरा जवळ आलं तशी एका चौकोनातली रेघ पार छताला टेकली. बाकीच्या चौकोनांत सामसूम. एखाद-दुसरा उगाच जांभई दिल्यासारखा हलायचा.

आई मागे उभी होती. तिला मी सांगितलं की काम हा एकटाच करतोय. तिने क्षणभर बघितलं आणि म्हणाली की मांडे करताना असंच होतं. आमच्याकडे लग्नात पुरणाचे मांडे करतात. हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत मोठा करायचा आणि तापल्या खापरावर टाकायचा. ते जमणारी बाई एखादीच असते. तिच्याभोवती पंधरा जणी बसल्या म्हणून पंगतीला मांडे लवकर मिळत नाहीत, नुसत्या गप्पा वाढतात. वर्गात कोर शिकवताना मी आता हेच उदाहरण देते, आईचं म्हणून सांगते.

गेमचं तसंच होतं. जुन्या पद्धतीने लिहिलेला. त्याचं मुख्य काम तुकडे करून वाटता येत नव्हतं. स्टेशन आलं की यार्डातले रूळ, सिग्नल, शेड, डबे, सगळं एकाच कोरने मांडायचं. आणि सर्व्हरमधला तो कोर एकेकटा घेतला तर मंद. सोळा जणांनी मिळून गोणी उचलाव्यात म्हणून केलेला, एकट्याने धावावं म्हणून नव्हे. भावाला फोन केला तर तो तडकला. ‘‘नवे गेम सात-आठ कोर आरामात वापरतात, ताई. तू जुनंपुराणं सांगू नकोस.’’ तेही खोटं नव्हतं. पण नानांना नवे गेम खेळायचे नव्हते, पाचोरा पार करायचं होतं. आम्ही दोघं जाणकार महिनाभर बरोबर बोलत होतो आणि म्हातारा माणूस अर्ध्या वाटेत उभा होता. मी फोनवर भावाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जळगावला एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारे भाई आहेत, माझ्या कॉलेजची कामं करतात. त्यांच्याकडे खोकं नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘मॅडम, कोर सहा बस आहेत. पण पळणारे घेऊ.’’ प्रोसेसर बदलला, त्यासोबत बोर्डही बदलावा लागला. जुन्या प्रोसेसरला काही झालेलं नव्हतं, तो तसाच तंदुरुस्त निघाला. मला कुणी विचारतं की इतके कोर असलेले प्रोसेसर टिकतात का, भरवशाचे असतात का, तर मी हो म्हणते. बिघडतात ते पंखे, आणि माणसांची डोकी.

खोकं परत आलं त्या दिवशी सकाळीच नाना अंघोळ करून बसले. आई पोळ्या करत होती. मनमाड सुटलं. मी आलेखाकडे बघत होते. पाचोऱ्याचं यार्ड आलं, रुळांना फाटे फुटत गेले, शेड आली, आणि चित्र पाण्यासारखं वाहत राहिलं. नाना खुर्चीत जरा पुढे सरकले. म्हसावद गेलं, शिरसोली गेलं, जळगावला गाडी थांबून सुटली. वाघूरचा पूल आला. भुसावळच्या बाहेर सिग्नलला त्यांनी वेग कमी केला आणि गाडी अशी अलगद प्लॅटफॉर्मला लावली की स्पीकरमधून ब्रेकचा आवाजही नीट ऐकू आला नाही. प्लॅटफॉर्मवर चिटपाखरू नव्हतं. बनवणाऱ्यांनी माणसं घातलीच नव्हती.

पडद्यावर ट्रिप पूर्ण झाल्याची पाटी आली. नाना उठेनात. मी म्हटलं, ‘‘नाना, आलं भुसावळ. बंद करू?’’

‘‘चार्ज दिल्याशिवाय कसा उतरू?’’ ते म्हणाले. ‘‘इंजिन कुणाच्या तरी ताब्यात द्यावं लागतं.’’

गेम आहे हो, असं माझ्या ओठावर आलं होतं. तेवढ्यात आई पिठाच्या हातांनी आली आणि त्यांच्या खुर्चीशी उभी राहिली. ‘‘मी लेस चार्ज. सांगा.’’

नानांनी पडद्याकडे बघतच सांगितलं, ड्युटीवरच्या सुरात. इंजिन ठीक. ब्रेक पावर ठीक. वाटेत कुठे झटका नाही. गाडी वेळेवर. आई म्हणाली, ‘‘घेतला.’’ नाना उठले, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

‘‘मेडिकलच्या आधी ज्याला चार्ज दिला ना,’’ ते म्हणाले, ‘‘त्याचं तोंडसुद्धा बघितलं नाही मी. घाई होती. म्हटलं, उद्या आहेच.’’ मी सरळ रडायला लागले, लपवण्यात काय अर्थ होता.

नाना परत आले, खुर्चीत बसले, आईकडे तोंड केलं, आणि तिच्या डोळ्यांत बघत पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. इंजिन ठीक. ब्रेक पावर ठीक. वाटेत कुठे झटका नाही.