पुतण्याकडचं जेवण

त्या चिक्कू इंग्रज म्हाताऱ्याच्या गोष्टीवर निघालेले बहुतेक सगळे सिनेमे मी पाहिले आहेत, आणि प्रत्येकाशी माझं भांडण आहे. गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. नसली तर एवढीच, की एक महाकंजूष म्हातारा असतो, नाताळच्या आदल्या रात्री त्याच्याकडे भुतं येतात, त्याला त्याचं मागचं-पुढचं आयुष्य दाखवतात, आणि सकाळी म्हातारा सुधारून उठतो. लोक या सिनेमांची तुलना करतात तेव्हा म्हातारा कोणी चांगला केला यावर वाद घालतात, नाहीतर कोणतं भूत जास्त भीतीदायक यावर. मला त्या भुतांशी काही घेणं-देणं नाही बाप्पा. मी पाहते ते पुतण्याला.

पुतण्याचं काम तसं थोडकंच आहे. सुरुवातीला तो म्हाताऱ्याच्या ऑफिसात जाऊन म्हणतो, काका, उद्या आमच्याकडे जेवायला या. म्हातारा त्याला हाकलून देतो. शेवटी, भुतांचं सगळं आटोपल्यावर, म्हातारा आपणहून पुतण्याच्या दारात जाऊन उभा राहतो. सिनेमा बरा की वाईट ते मी या दोन जागांवरून ठरवते. कारण मलाही एक काका आहेत, कामठीला राहतात, आणि त्यांनी एकदा तरी माझ्या घरी येऊन जेवावं एवढीच माझी इच्छा होती.

ही गोष्ट पहिल्यांदा मी बाबांसोबत पाहिली, टीव्हीवर, काळी-पांढरी. शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात तिचा धडा होता म्हणून आईनं अभ्यासातून सूट दिली होती. म्हातारा पुतण्याच्या दारात आला, हातात टोपी घेऊन उभा राहिला, आणि त्याच्यानं आत पाऊलच टाकवेना. बाबा उठून पाणी प्यायला गेले. ते परत आले तोवर सिनेमा संपून बातम्या लागल्या होत्या. एक पेला पाणी प्यायला माणसाला एवढा वेळ कशाला लागतो, असं मला वाटलं, पण मी विचारलं नाही.

बाबांचं आणि काकांचं खाणंपिणं तुटलेलं होतं. बोलणं नव्हतं तुटलं. लग्नाकार्यात दोघं भाऊ शेजारी बसत, तब्येतीची चौकशी करत, सुतापासून निवडणुकीपर्यंत सगळ्या गप्पा होत. पण काका आमच्याकडे जेवत नसत, आणि आम्ही त्यांच्याकडे चहाच्या पुढे जात नसू. कशावरून तुटलं हे घरात कोणी काढत नसे. आईला विचारलं तर ती म्हणायची, तुले काय करायच्या मोठ्यांच्या गोष्टी. आम्ही मूळचे विणकर. बाबा नोकरी धरून नागपूरला आले, काका कामठीलाच राहिले, हातमाग बंद पडल्यावर दुसऱ्यांच्या पॉवरलूमवर गेले. काकू लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं.

आता बाबा नाहीत, आईही नाही. मी लग्न केलं नाही. रामदासपेठेत एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते आणि तिथून पायी अंतरावर दोन खोल्यांत राहते. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि संध्याकाळी घरी येऊन कुकर लावायचा. कुकर अगदी लहानातला घेतला, तरी भात उरतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोडणीचा करून डब्यात नेते. लॅबमधल्या मुली म्हणतात, मॅडमना फोडणीचा भात भारी आवडतो. मी म्हणते, हो ना.

आई गेली त्या वर्षी डिसेंबरात मी तो जुना काळा-पांढरा सिनेमा कॉम्प्युटरवर शोधून पुन्हा पाहिला, आणि ठरवलं, आपणही काकांना बोलवायला जायचं. आम्ही काही ख्रिस्ती नाही, पण पंचवीस तारखेला सुट्टी असते आणि थंडीत जेवण चांगलं जातं, याहून जास्त कारण कशाला हवं? आमच्याकडे जेवायला बोलवायचं तर आदल्या दिवशी घरी जाऊन आवतन द्यावं लागतं. फोनवरचं आवतन कोणी धरत नाही. म्हणून दर चोवीस तारखेला अर्धी सुट्टी टाकून मी सीटा भरल्याशिवाय न हलणाऱ्या ऑटोत बसून कामठीला जाते. काका स्टोव्हवर चहा ठेवतात. मी म्हणते, काका, उद्या जेवाले येजा. ते म्हणतात, पाहू. आता 'पाहू' म्हणजे काय हे नागपूरकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. 'पाहू' म्हणजे नाही.

पहिल्याच वर्षी मी आणखी एक केलं. त्यांना सांगितलं की पुष्कळ लोक येणार आहेत, लॅबमधले, खालच्या मजल्यावरचे, आईच्या माहेरचे. सिनेमातल्या पुतण्याचं घर कसं गच्च भरलेलं असतं! खेळ चालू असतात, कोणी पेटी वाजवतंय, पोरी खिदळतायत. मला वाटलं, असं सांगितलं की माणसाला यावंसं वाटेल. शिवाय 'मी एकटीच आहे, या' हे शब्द तोंडातून निघत नव्हते. लाज वाटत होती, दुसरं काय. मग एकदा सांगितलं ते दरवर्षी सांगत गेले, आणि माझ्या घरची गर्दी वर्षागणिक वाढत गेली.

पंचवीसला मी पाटोडीचा रस्सा करते. बेसनाच्या वड्या, झणझणीत तर्री, भात, पोळ्या, वर काहीतरी गोड. दोन ताटं पुसून ठेवते. जिन्यावर पावलं वाजली की गॅस बारीक करते. दुपार कलली की एक ताट उचलून ठेवते आणि दुसऱ्यात वाढून घेऊन त्या वर्षीचा सिनेमा लावते. दरवर्षी नवा शोधते आणि जेवता जेवता त्याला नावं ठेवते.

एक आहे गाण्यांचा. त्यात म्हातारा पुतण्याकडे नाचत नाचत जातो, मागे अख्खी गल्ली. इतकी वर्षं नाही म्हणणारा माणूस असा नाचत येतो होय? कशात काय अन् फाटक्यात पाय! एक हिंदीत डब केलेला आहे, त्यातला पुतण्या काकाला जेवायला बोलावतो तो साडीच्या दुकानातल्या माणसासारखा, या या, आत या, आतमध्ये भरपूर माल आहे. एक कॉम्प्युटरवर काढलेला, त्यात सगळ्यांचे डोळे मेणाचे. मेणाचा माणूस दारात उभा राहिला काय अन् नाही राहिला काय. अलीकडचा एक आहे, भयंकर काळोखी, त्यात पुतण्या एकदा येतो आणि पुन्हा त्याचं नावही कोणी घेत नाही, दाराचा प्रसंगच उडवून लावलाय. तो मी अर्ध्यातच बंद केला आणि भांडी घासायला गेले.

बाहुल्यांचा एक आहे, तो मी लेकरांचा म्हणून नाक मुरडून लावला होता. त्यात म्हातारा खराखुरा माणूस आणि आजूबाजूला बहुतेक बाहुल्या. त्या एवढ्या बाहुल्यांच्या गलक्यात तो एकटा माणूस असा काही दिसला, की माझा घास तोंडातच राहिला. त्या वर्षी मी खूप रडले. पाटोडी पार गार झाली.

पण सगळ्यात खरा अजूनही तो पहिला, काळा-पांढराच. पाऊल न टाकवणारा म्हातारा त्याच्याशिवाय कोणाला जमला नाही. तरी माझी मुख्य तक्रार त्यालाही लागू आहे. एकाही सिनेमात पुतण्या एकटा नाही. त्याला बायको आहे, मित्र आहेत, जेवण चालू झालेलं आहे. म्हातारा आला तर आनंद, नाही आला तर त्याच्या नकला करून हसायचं आणि पुढचा पदार्थ मागवायचा. त्याचं काहीच अडलेलं नसतं. मग त्याच्या बोलावण्याचं एवढं कौतुक कशाला? मी दरवर्षी समोरच्या पडद्याला विचारायची, तुझ्या घरात कोणीच नसतं तर कसं बोलावलं असतंस रे?

गेल्या डिसेंबरात मी नेहमीप्रमाणे कामठीला गेले. जेवायची वेळ झाली होती. काकांच्या दीड खोलीत आलू-वांग्याच्या भाजीचा वास होता आणि गल्लीत पॉवरलूमची खटखट चालू होती. त्यांनी चहा ठेवला. मी आवतन दिलं. लॅबमधले येणार, खालचे येणार, आणि या वर्षी तर वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत, तेही येणार, असं सांगितलं. ते म्हणाले, पाहू.

माझं डोकंच फिरलं. काय सुचलं कोणास ठाऊक, मी त्यांना सिनेमाची गोष्ट सांगायला लागले. भुतांसकट सगळी. काका मन लावून ऐकत होते. म्हाताऱ्याचा धंदा कशाचा, ते भूत पांढरं होतं का काळं, पुतण्या सख्खा की चुलत, असं मधेमधे विचारत होते. मी मुद्दाम गोष्टीतल्या दाराच्या प्रसंगाशी येऊन थांबले आणि म्हटलं, पाहा, तो एवढा खडूस म्हातारा, तोसुद्धा शेवटी पुतण्याकडे जेवायला गेला.

काकांनी कप खाली ठेवला. "त्याले बोलवाले कोण गेलं होतं?"

मी म्हटलं, कोणी नाही, आवतन आदल्या दिवशीच दिलेलं होतं, तो आपल्या मनानं गेला.

त्यांनी मान हलवली. हे त्यांना काही पटलं नाही. आवतनावर कोणी उठून जाते का, म्हणाले, पानं मांडली की बोलावणं यावं लागते. आणि मग, गल्लीतली कुठलीतरी जुनी गोष्ट सांगावी तसं, त्यांनी आमच्या वास्तूच्या जेवणाचं सांगितलं. तेव्हा आम्ही कामठीलाच होतो, त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून. बाबांनी घर बांधलं, स्वतः येऊन भावाला आवतन दिलं. दुसऱ्या दिवशी काका आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बसले. पंगती उठत होत्या, त्याचा गलका त्यांना घरात ऐकू येत होता. चला म्हणायला कोणी आलं नाही. काकूंनी संध्याकाळी चूल पेटवली. बाबांनी नंतर काहून आला नाहीस म्हणून विचारलं, तेव्हा काका काही बोलले नाहीत, आणि मग ते तसंच राहून गेलं.

"तुह्या बापाचा काही दोष नव्हता," ते म्हणाले. "गर्दीच एवढी होती, की मी नाही आलो हे कोणाले समजलंच नसंन. अन् तुह्या घरी तं दरवर्षी भल्ली गर्दी राहते वं. तिथं माह्यासारख्याले कोण पाहते?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. एवढी वर्षं मी त्यांना ज्या गर्दीचं आमिष दाखवत होते, त्याच गर्दीच्या भीतीनं ते येत नव्हते, आणि ती भीती मीच दरवर्षी ऑटोनं घरपोच आणून देत होते.

"कोणी येत नाही, काका," मी म्हटलं. "कधीच कोणी आलं नाही. मी एकटीच असते."

"एकबी माणूस नाही?"

"एकबी नाही. तुमच्यासाठी करते, अन् तुम्ही येत नाही, मंग एकटीच जेवते."

मग काकांनी विचारलं, उरलेल्या अन्नाचं काय करते. मी सांगितलं, फ्रिजमध्ये ठेवते आणि पुढचे दिवस तेच खाते. तेही एकटीच का, असं ते विचारतील असं वाटलं आणि मी डोळे पुसायच्या तयारीनं पदर हातात घेतला. त्यांनी तसं काही विचारलं नाही. आज घरी कोणी वाट पाहून राहिलं का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. तेव्हा ते गुडघ्यावर हात देऊन उठले, फळीवरच्या डब्यामागून एक ताट काढलं, धोतराला पुसायला गेले, मग काय वाटलं कोणास ठाऊक, मोरीत नेऊन नीट धुवून आणलं. दोन ताटं जमिनीवर मांडली. चल, म्हणाले, वाढलं.

मी त्या घरात पहिल्यांदाच जेवायला बसले. पोळ्या जाड होत्या, एका बाजूनं करपलेल्या. काकांनी मला आधी वाढलं आणि मग स्वतःला घेतलं. दोघांनाही दुसऱ्या कोणासमोर जेवायची सवय राहिली नव्हती, ते कळत होतं. ते खाली मान घालून भराभर घास घेत होते आणि मीही तशीच.

भाजी खारट होती. थोडीथोडकी नाही, तोंडात धरवत नव्हती. पाहुणी म्हणून मी आधी दोन घास मुकाट्यानं गिळले. पण मग वाटलं, आता पाहुणी राहून काय मिळवायचं आहे?

"काका," मी म्हटलं, "मीठ भल्लं जास्त झालं."

त्यांचा हात ताटातच थांबला. माझ्या मनात आलं, घ्या, एवढ्या वर्षांनी जुळलं आणि मी तोंड उघडून घालवलं. त्यांनी भाजीकडे पाहिलं, बोटानं थोडी चाखून पाहिली, आणि हळूच म्हणाले, "मले लय दिवसाचा डाऊट होता. पण सांगाले कोणी नव्हतं."