दुसरा ब्रेक

मास्तर गाडीत बसण्याआधी चपला झटकायचे. आरसा रोज स्वतः पुसायचे. शिकणाऱ्याने भर चौकात गाडी बंद पाडली की खिडकीबाहेर बघत शीळ घालायचे, त्याला लाज वाटू नये म्हणून. पाय मात्र कायम आपल्या बाजूच्या, शिकवणाऱ्यासाठी बसवलेल्या दुसऱ्या ब्रेकवर.

मास्तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. मीही त्यांच्याकडेच शिकलो. गाडी धड आली नाही, मैत्री झाली.

त्यांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन मोठे सर करणार होते, हाताखाली एक शिकाऊ डॉक्टर मुलगी. बुटकी. तपासताना स्टुलावर चढायची. ऑपरेशनची तारीख घ्यायला मास्तर, काकू आणि मी गेलो, तेव्हा तिने विचारलं, "काका, थोडं काम मी केलं तर चालेल? नको असेल तर मोकळेपणाने सांगा."

काकू ताडकन म्हणाल्या, "नको. शिकायला आमचेच हे सापडले का?"

"अगं, जन्मभर मी दुसरं काय केलं?" मास्तर मुलीकडे वळले. "सर शेजारी असतील ना?"

"पूर्ण वेळ."

"त्यांचा पाय ब्रेकवर असला, की चालव तू. गाडी येते का तुला?"

"पायच पोचत नाहीत, काका."

"बरा झालो की शिकवतो."

घरी आल्यावर काकूंनी आधी चपला काढल्या. मग म्हणाल्या, "लोकांच्या पोरांवर जीव ओवाळून टाका."

मास्तर ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती. सर म्हणाले, "तिथे हात माझेच होते."

काही दिवसांनी ती मुलगी घरी आली. दारातच उभी राहिली.

"तू काय केलंस?" काकूंनी विचारलं. "खरं सांग."

"वरची चीर मी घेतली. रक्त सुरू झालं तेव्हा सरांनी मला बाजूला केलं. शेवटी टाके मी घातले."

"म्हणजे ते गेल्यावर?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"नीट घातलेस ना?"

"हो."

काकूंचा तिच्यावर विश्वास बसला का, मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, "आत ये."

मला विचारलं असतं, तर मीही नकोच म्हणालो असतो. अजूनही म्हणेन. पण तिच्याकडे बघून तसं म्हणता येत नव्हतं.

काकूंनी खिडकीत ठेवलेला एक लाकडी ठोकळा आणून तिच्यापुढे ठेवला. क्लचवर बसवायचा, तिच्या पायासाठी. मास्तरांनी दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी करायला घेतला होता. एक बाजू घासून गुळगुळीत झाली होती. दुसरी तशीच खडबडीत होती. पट्ट्यासाठी भोकं पाडायची राहिली होती.