शेजारी कमी असलेले अणू

ईशा, निनाद — हे मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

माझ्या मसाल्याच्या डब्यांवरही नावांच्या चिठ्ठ्या असतात, तुम्ही हसता त्यावर. अशी बाई विसराळू झाली, हे तुम्हाला खरं तरी कसं वाटलं?

२०१७ साल. ईशा, तू दर रविवारी परदेशातून फोनवर तुझं संशोधन सांगायचीस. सोनं-चांदी एकत्र वितळवायची, मग आम्लात चांदी विरघळवून टाकायची. उरतं ते स्पंजासारखं सोनं, डोळ्यांना न दिसणाऱ्या भोकांचं. एरवी सुस्त असलेलं सोनं मग धुरातला विषारी वायू भराभर निरुपद्रवी करतं. का? भोकांच्या वळणदार भिंतींवरच्या काही अणूंना शेजारी कमी असतात — तेच वायूला धरतात. मला पहिल्याच वेळी कळलं होतं. पण तसं म्हटलं असतं तर फोन संपला असता ना? म्हणून दर वेळी — "भोकं पाडलीस तर सोनार वजनात घट नाही का गं धरणार?" तू हसायचीस, पुन्हा पहिल्यापासून सांगायचीस.

शेजारच्या हंसाबेन म्हणायच्या, "बाई, कालच तुम्ही मला हे सगळं समजावलं ने! पक्क्या नाटकी तुम्ही."

मग तुझं हसणं थांबलं. "आजी, अगं मागच्या रविवारीच सांगितलं होतं ना?" — आणि तू डहाणूला माझ्याकडे आलीसच. झाईच्या किनाऱ्यावर माझा हात धरून चाललीस, जणू मी पडेन. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही का? परत गेल्यावर मोठ्या सूक्ष्मदर्शकावर तुझी पाळी होती — तुझ्या सोन्यातले अणू नेमके कसे बसलेत ते पाहायची. त्यासाठी किती थांबली होतीस, तेही मला पाठ होतं.

निघण्याआधी तू मला डॉक्टरांकडे नेलंस.

"आजी, आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

बुधवार होता. तू श्वास रोखून माझ्याकडे पाहत होतीस. मी म्हटलं — शुक्रवार.

तू तिकीट बदललंस, माझ्याजवळ राहिलीस. पाळी दुसऱ्या मुलीला गेली. अणूंची ती चित्रं तिच्या नावाने छापली गेली. "जाऊ दे गं आजी, अणू कुठे पळतायत?" असं म्हणून तू चिकू सोलत राहिलीस. मी समोरच बसले होते. तुझे डोळे दिसत होते मला. आणि मी — मी सुखात होते, ईशा.